दोन डोळ्यांची नोंद

मनामात, अदलियाच्या मागल्या गल्लीत,
तन्नूसशेटच्या बंगल्याखाली अकरा पायऱ्या उतरलं
की जुलै संपतो.
वर सेहेचाळीस, खाली तेरा.
मी मफलर गुंडाळतो. वर कुणाला सांगितलं तर हसतील.

आधी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.
बाटलीलाही मान असते, खांदे असतात.
वाइन मानेत असेल तर बरं आहे.
खांद्याला टेकली असेल तर विचारायचं, काय गं, कुठं झिजलीस?
खांद्याखाली उतरली तर विचारायचंही नाही.
बूच घेतं दरसाल थेंबभर,
घरभाडं म्हणून.

मग शिशाची टोपी बोटानं फिरवायची.
फिरली तर सुटलो. अडली तर आत पाझर वाळलाय,
चिकट, काकवीसारखा.
तिसऱ्या फळीवर सगळ्याच अडतात:
एका ऑगस्टात वीज सहा दिवस गेली होती,
बुचं टाचा उंचावून बाहेर डोकावत होती.
लेबलावर बुरशी असली की मला मात्र आनंद होतो.
ओल होती, म्हणजे बूच सुकलं नाही.
रीमाला हे पटत नाही. ती फडकं घेऊन पुसायला जाते.

रीमा मॉन्ट्रियलहून आलीय, बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या मिस्सेला.
मांडीवर लॅपटॉप, त्यात तीन रकाने:
विकायची, प्यायची, टाकायची.
माझ्याकडे बावीस वर्षांची वही आहे. मराठीत.
शेटला वाचता यायची नाही, इथं कुणालाच यायची नाही,
म्हणून खरं लिहिलंय.

रंग शेवटी, पाठीमागे मेणबत्ती धरून.
टॉर्च चालतो, पण माझा हात निर्मळच्या देवळात शिकलाय.
जांभूळ. कोकम. गेरू. वीट.
वीट झाली की वर्षभरात संपवा.
पांढरीचे वेगळे: लिंबाची साल, पेंढा, मध, चहा.
चहा झाला की पुढं एकच शब्द, मेली.
‘खलास, बस्त्याव?’ शेट विचारायचा.
‘खलास.’
त्यानं कधी स्वतः मेणबत्ती हातात घेतली नाही.

मार्चमध्ये सलमानियात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
काल बेका खोऱ्यातली पांढरी वर धरली, त्र्याऐंशीची;
तिच्या द्राक्षांचा ट्रक तीन चौक्यांवर अडला होता म्हणे.
पातळी मानेत. टोपी फिरली.
रंग चहा.
सवयीनं डावा डोळा चोळला,
तेवढ्यात पेंढा झाली. ताजा, आत्ता कापलेला.
उजवा झाकला. चहा.
डावा झाकला. पेंढा.
रीमा म्हणाली, अंकल, डोळ्यात काही गेलंय का?

वही काढली. मेली, मेली, मेली.
मागच्या आठ वर्षांत एकोणसाठ.
सगळ्या वर स्वयंपाकघरात गेल्या, नेनिताकडे.
ती हमूरच्या रश्श्यात ओतायची
आणि शेट बोटं चाटत म्हणायचा,
काय हात आहे या बाईचा!

हे रीमाला सांगितलं नाही.
म्हटलं, ही प्यायच्या रकान्यात टाक.
‘विकायच्या का नको?’
मला पटकन उत्तर सुचलं नाही.
म्हटलं, लेबल फाटलंय.
तिनं लेबलाकडे पाहिलं. धड होतं.
तरी तिनं प्यायच्या रकान्यात टाकलं.

डाव्या डोळ्याची तारीख गुरुवारची.
आज बुधवार. रीमा वर जेवायला गेलीय.
मी उजवा डोळा तळहातानं झाकून
एकेका फळीमागून मेणबत्ती नेली, घाई न करता.
वहीत लिहिलेले ते रंग
उद्या दुपारपर्यंतच कुठंतरी आहेत.
सगळ्यात खाली, कोपऱ्यात, एक चहा निघाली.
तिच्यापुढं मी फक्त रंग लिहिला.